आंबटाचा पहारा



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांच्या मनात बोनस, कंत्राटी पद्धत, नवे कामगार कायदे असे काही तरी असावे. तसे त्यांनी सुचविलेही. आम्ही म्हणालो, ह्या खेपेस आम्ही बाटल्यांवर बोलू. तेव्हा चालक जरा गप्प झाले, आणि मग एकाने हळूच सांगितले की दारूबंदीवर बोलणार असाल तर उत्तमच. शेवटी खुलासा करावा लागला. बाटली ती नव्हे. आमरसाची, टोमॅटोच्या रसाची, फणसाच्या रसाची, म्हणजे उन्हाळ्यात घरोघरी भरली जाते आणि पावसाळ्यात उघडली जाते ती बाटली. वसंतात व्याख्याने होतात आणि वसंतातच आंबा पिकतो, तेव्हा विषय अगदीच अवेळी नाही.

कामगार संघटनेच्या माणसाने स्वयंपाकघरात का शिरावे, असे कोणी विचारील. ह्याला आमच्या चळवळीतच आधार आहे. गिरणगावात पोराबाळांना सोडून आलेल्या कामगारांची पोटे खानावळवाल्या बायांनी भरली, आणि त्या बायांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली. प्रेमाताई कामगार चळवळीतूनच तेथे पोचल्या होत्या. चूल हेही कारखान्यासारखेच कामाचे ठिकाण आहे, हे त्यांनी आम्हां पुरुष पुढाऱ्यांच्या आधी ओळखले.

दुसरा आधार आमच्या घरचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साच्यावर होते. संपाने वडिलांचे काम गेले आणि आमची शाळा सातवीत सुटली. आईने लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसांना जेवू घालायला सुरुवात केली, आणि उन्हाळ्यात कोकमाचे आगळ, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे बाटल्यांत भरून विकले. बाटल्या भंगारवाल्याकडच्या, बुचे हाताने ठोकलेली. तरी तिची एक बाटलीही कधी बिघडून परत आली नाही. आम्ही पुष्कळ वर्षे हे तिच्या हाताचे यश समजत होतो. हात स्वच्छ होते हे खरेच, पण त्याहून मोठे कारण असे की आई जे जे भरीत होती ते ते सारे कडक आंबट होते. हे कळायला आम्हांस कारखान्यात जावे लागले.

संपानंतर कुटुंब गावी, कोकणात गेले. सोळाव्या वर्षी आम्ही फळे डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात हंगामी कामाला लागलो. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. कैरीच्या दिवसांत चिकाने हातांची सालडी निघत आणि हातमोजे मागितले तर उद्या या असे सांगत. आमच्या संघटनेची पहिली मागणी तीच, हातमोजे. पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

त्या कारखान्यात एकाच छपराखाली दोन भट्ट्या होत्या. एक म्हणजे उघडा हौद. त्यात पाणी खदखदा उकळत असे आणि आमरसाचे डबे जाळीच्या पिंजऱ्यातून त्यात सोडीत. दुसरी म्हणजे लोखंडी झाकणाचा, पेचांनी आवळलेला, माणूस उभा राहील एवढा वाफेचा कुकर. त्याला रिटॉर्ट म्हणत. त्यात कच्च्या फणसाच्या भाजीचे डबे जात. हौदावर कोणालाही उभे करीत. रिटॉर्टवर मात्र जुना माणूस लागे, तापमानाची नोंद वहीत होई, आणि काटा जरा खाली आला की साहेब धावत येई. आम्ही एकदा तेथल्या रसायन पाहणाऱ्या बाईंना विचारले, बाई, डबा तोच, पत्रा तोच, मग आंब्याला साधी उकळी आणि फणसाला हा तुरुंग का? त्यांनी उत्तर न देता काचेच्या पेल्यात थोडा आमरस घेतला, त्यात यंत्राची कांडी बुडविली आणि आकडा दाखविला, ४ च्या जरा खाली. मग कांडी धुऊन फणसाच्या भाजीत बुडविली. आकडा ५ च्या पुढे गेला. बाई म्हणाल्या, हा फरक. आमच्या पुढच्या सगळ्या वाचनाची सुरुवात त्या दोन आकड्यांपासून झाली. तालुक्याच्या वाचनालयात जे मिळाले ते वाचले, जे कळले नाही ते बाईंना विचारले. तेच आज आपल्यापुढे मांडतो आहोत. शास्त्रज्ञ मंडळी कोणी श्रोत्यांत असतील तर त्यांनी चूक दाखवावी, आम्ही पदर पसरून घेऊ.

तो आकडा म्हणजे सामू. इंग्रजीत त्याला पीएच म्हणतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेनसेन ह्या शास्त्रज्ञाने १९०९ साली ही मोजणी मांडली. प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याने स्थापलेली, तेव्हा चालकांची बाटलीविषयीची शंका अगदीच निराधार नव्हती. मापाची रीत जरा उलटी आहे. आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. साधे पाणी ७ वर. लिंबाचा रस २ ते अडीचच्या आसपास. आणि ह्या शिडीची एकेक पायरी दहापटीची आहे. सामू ५ असलेल्या रसापेक्षा सामू ४ चा रस आंबटपणात दहापट कडक. एका आकड्याने काय बिघडते, असे म्हणणाराचे बिघडते ते येथेच.

आता फळांकडे पाहू. चिंच, कोकम, लिंबू, आवळा, कैरी, अननस ही सारी बळकट आंबट. पिकलेला आंबा जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे साडेतीनपासून पावणेपाचपर्यंत कोठेही असतो. पाडाचा एक, पिकून लिबलिबीत झालेला दुसरा. टोमॅटो ४.३ ते ४.९ च्या दरम्यान, म्हणजे नेमका उंबरठ्यावर. केळे साडेचारच्या वर. पपई आणि कलिंगड तर ५ च्याही वर. पिका फणस, चिकू, सीताफळ ही सगळी गोड पंगत तिकडचीच. अंजीरही बेभरवशाचे.

उंबरठा कोणता? ४.६. जगभर फळे टिकविणाऱ्यांनी मानलेली ही रेघ आहे. ह्या रेघेच्या खाली आंबट, वर कमी आंबट. ही रेघ का ओढली, त्याची हकीकत थोडी मागे जाऊन सांगावी लागेल.

फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा हलवाई होता. पेठेतल्या मिठाईवाल्यासारखाच, विद्यापीठाशी संबंध नसलेला. त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जाड काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवण्याचे प्रयोग केले. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, अट एवढीच की कृती छापून सर्वांना खुली करावी. त्याने ती छापली. अन्न टिकते का, हे मात्र आपेरला ठाऊक नव्हते. हवा काढली म्हणून टिकते, असा त्याचा समज होता. सूक्ष्म जंतूंची गोष्ट लुई पाश्चरने पुढे साठ वर्षे उलटण्याच्या आत उलगडली. न शिकलेल्या माणसाने हाताने आधी करावे आणि शिकलेल्याने मागून कारण सांगावे, असा हा क्रम. आम्हांस हा क्रम अर्थातच आवडतो.

पण आपेरचा तो समज, की हवा गेली म्हणजे धोका गेला, तो आजही आपल्या घरांत आहे आणि तोच घातक आहे. कारण एक जंतू असा आहे की ज्याला हवा नकोच असते. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल नावाच्या खेड्यात एका अंत्यविधीसाठी बँडवाले आले होते. त्यांनी खारवलेले डुकराचे मांस न शिजविता खाल्ले. बरेच जण आजारी पडले आणि तिघे दगावले. व्हान एर्मेंगेम ह्या प्राध्यापकांनी त्या मांसातून आणि एका मृतदेहातून हा जंतू वेगळा काढला. आज त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, आणि रोगाचे नाव बोट्युलिझम. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे मांसाची सुरळी. जर्मनीत अशा सुरळ्यांनी माणसे मरत, त्यावरून हे नाव पडले.

हा जंतू मातीत असतो. म्हणजे शेतात, अंगणात, फळाच्या सालीवर, आपल्या हातांवर. त्यात भिण्यासारखे काही नाही, कारण मातीत तो बीजाच्या रूपात निजलेला असतो. अडचण ही की हे बीज साध्या उकळीने मरत नाही. उकळत्या पाण्याचे १०० अंश त्याला पुरत नाहीत. १२१ अंश लागतात, आणि तेवढी उष्णता दाबाखालच्या वाफेतच मिळते. रिटॉर्टचा तो सगळा तुरुंग ह्यासाठी होता. आता कल्पना करा. फणसाचा रस आपण उकळला. बाकीचे सगळे जंतू, यीस्ट, बुरशी मेली. हे बीज तेवढे उरले. बाटलीचे झाकण घट्ट, आत हवा नाही, गोड पातळ अन्न भरपूर, शेजारी स्पर्धा करणारा कोणी नाही, आणि कपाटात महिना दोन महिने कोणी हात लावणार नाही. ह्याहून चांगली जागा त्याला आपण शोधूनही देऊ शकलो नसतो. ते बीज उठते, वाढते, आणि विष सोडते. ते विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, जीभ अडखळते, घोट गिळवत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हे बहुधा बारा ते छत्तीस तासांत सुरू होते, कधी त्याहून उशिरा. अशा माणसाला काढे देत घरी ठेवू नये. मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि डबाबंद वा बाटलीतले काय खाल्ले ते पहिल्या वाक्यात सांगावे. प्रतिविष लवकर टोचले तर पुढची हानी थांबते.

पण हाच महाभयंकर जंतू ४.६ च्या खालच्या सामूत उठूच शकत नाही. मरत नाही, हे ध्यानात घ्या. तो निजून राहतो. आम्ही कामगारांना समजावताना असे सांगतो की उकळी ही दिवसपाळी आहे आणि आंबट ही रात्रपाळी. उकळी आपले काम करून घरी जाते. आंबट मात्र झाकण लागल्यापासून उघडेपर्यंत पहाऱ्यावर असते. आंबा हौदात शिजला तरी चालते, कारण त्याच्याकडे रात्रपाळीचा माणूस आहे. फणसाकडे तो नाही.

ही अटकळ नव्हे. २०१५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात चर्चच्या पंगतीत एकाने घरी बाटलीबंद केलेल्या बटाट्यांची कोशिंबीर आणली होती. बटाटे दाबाच्या कुकरऐवजी साध्या उकळत्या पाण्यात प्रक्रिया केलेले होते. २९ माणसे आजारी पडली, एक बाई गेली. त्याच्या पुष्कळ आधी, १९८५ साली, कॅनडाच्या व्हँकूव्हरमध्ये एका उपाहारगृहात तेलात बुडवून ठेवलेल्या लसणाने ३६ जणांना हाच रोग दिला. लसूण आंबट नाही आणि तेलाखाली हवा नाही. आपल्याकडे आले-लसणाचे वाटण तेल ओतून महिनोन् महिने ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

येथे कोणी वडीलधारी बाई म्हणेल, आमच्या आजीने असली यंत्रे कधी पाहिली नाहीत, आणि कोणी मेले नाही. आजी बरोबर होती. पण ती काय करीत होती, ते नीट पाहा. कैरी, आवळा, लिंबू ही आंबट फळे तिने बरणीत घातली. मुरांब्यात साखर इतकी घातली की जंतूला प्यायला पाणीच उरू नये. लोणच्यात मीठ तसेच. आणि फणसाचे तिने काय केले? गरे मिठात घातले, तळले, रस ताटाला पसरून उन्हात वाळवून पोळी केली. पिक्या फणसाचा ओला रस हवाबंद करून कपाटात ठेवावा, असे कोकणातल्या एकाही आजीने केलेले आमच्या ऐकिवात नाही. तिच्याकडे हवाबंद झाकणच नव्हते. बरणीला दादरा बांधायची. हे पेचाचे, रबरी कडीचे झाकण आपल्या पिढीने घरात आणले, आणि त्याबरोबर हवा नको असलेल्या जंतूची सोयही आणली. आजीच्या पद्धतीतला अर्धा भाग घ्यायचा, अर्धा सोडायचा, आणि जबाबदारी मात्र आजीवर टाकायची, हे बरे नव्हे. अलीकडे मधुमेहामुळे मुरांब्यातली साखर निम्म्यावर आणतात तेही असेच. साखर केवळ गोडीला नव्हती, राखणीला होती. ती कमी केली तर मुरांबा फ्रिजात ठेवून लवकर संपवावा.

आता आमच्या अंगावर आलेली गोष्ट सांगतो, कारण तिच्याचसाठी हा विषय घेतला.

आमच्या संघटनेतल्या हंगामी कामगारांच्या घरच्या बायकांचा एक बचत गट आहे. हंगाम संपला की कारखाना त्यांच्या नवऱ्यांना घरी बसवितो, म्हणून ह्या बायका आमरसाच्या बाटल्या भरून मुंबईला पाठवितात. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आंबा कमी आला आणि बरका फणस मात्र झाडाखाली सडत होता. बैठकीत ठरले की फणसाचा रस भरू. गटाने एका प्रशिक्षण वर्गात शिक्षण घेतले होते. तेथे मिळालेल्या कागदावर फळांचा रस टिकविण्याची एकच कृती सर्व फळांसाठी दिलेली होती. गाळा, उकळा, गरम भरा, झाकण लावा, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. त्याप्रमाणे चौसष्ट बाटल्या भरल्या. त्या बैठकीला आम्ही स्वतः हजर होतो. ज्या माणसाने पेचांच्या कुकरात फणसाचे डबे जाताना वर्षानुवर्षे पाहिले, त्याने फणसाचे नाव ऐकूनही तोंड उघडले नाही. आम्ही हिशेबाच्या वहीत गुंतलो होतो. ही चूक आमची, आणि ती आम्ही कोणावर ढकलीत नाही.

तीन आठवड्यांनी निरोप आला, काही बाटल्यांची झाकणे फुगली आहेत. आम्ही गेलो. सात झाकणे फुगलेली, बाकीची सपाट. एका काकींनी सात बाजूला काढल्या होत्या, आणि उरलेल्या सत्तावन्न दुसऱ्या दिवशीच्या गाडीला द्यायच्या म्हणून खोक्यात भरल्या होत्या. फुगलेल्यांचेही त्या आटवून पोळी करणार होत्या. चमच्याने चाखून पाहते, असे म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला तेव्हा आम्ही ओरडलो. आयुष्यात बाईमाणसावर आम्ही असे ओरडलो नव्हतो. चाखून पाहणे हीच ह्यातली सर्वांत वाईट सवय आहे. त्या विषाला चव असेलच असे नाही, वास असेलच असे नाही, झाकण फुगेलच असेही नाही. फुगलेली बाटली निदान सांगते तरी. सपाट झाकणाची बाटली गप्प राहते.

न फुगलेल्यांतली एक बाटली आम्ही तशीच बंद जुन्या कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडे नेली. त्याने हातमोजे घालून उघडली, कांडी बुडविली. सामू ५.१. आत विष होते की नव्हते, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. फुगवटा दुसऱ्या एखाद्या जंतूचाही असेल. पण जेथे तो जंतू वाढू शकतो तेथे वाढला नसेल, ह्या आशेवर माल विकता येत नाही. परसात खोल खड्डा खणून सगळ्या बाटल्या न उघडता पुरल्या.

खड्ड्याच्या काठावर जी चर्चा झाली ती आमच्या कानांतून जात नाही. एक तरुण बाई म्हणाली, दादा, कारखान्यात अपघात झाला तर तुम्ही मालकाकडून भरपाई आणता. आमचे पंधरा दिवस, सरपण, बाटल्या, झाकणे सगळे खड्ड्यात गेले. आमचा मालक कोण? आम्ही प्रशिक्षण वर्गवाल्यांना पत्र लिहिले. उत्तर आले की कागद मार्गदर्शनापुरता होता. संघटनेच्या निधीतून गटाला उसने पैसे दिले, त्यांनी दोन हंगामांत फेडले. पण उसने म्हणजे भरपाई नव्हे. त्या बाईच्या प्रश्नाला आमच्याकडे अजून उत्तर नाही. आपल्यांत कोणी वकील असतील तर सभेनंतर भेटावे.

पुढच्या वर्षी गटाने वर्गणी काढून सामू मोजण्याचे हातात मावणारे यंत्र घेतले. आता त्यांची रीत सांगतो, कारण सभेला बऱ्याच भगिनी वही घेऊन बसल्या आहेत.

आंबट वाढवायला सायट्रिक ॲसिड वापरतात, बाजारात ज्याला लिंबूसत्त्व म्हणतात ते. पूर्वी ते लिंबापासून काढीत. आज ते बहुतेक सारे एका काळ्या बुरशीकडून साखर आंबवून करून घेतात. बुरशी आपली शत्रू, आणि आंबटही तिच्याकडूनच, असा हा संसार आहे. ताज्या लिंबाचा रसही चालतो, पण लिंबू लिंबासारखे नसते. आज कडक, उद्या पाणचट. म्हणून वजन करून घातलेली पूड बरी. टोमॅटोसाठी अमेरिकेतल्या कृषिखात्याचे माप आहे: साधारण लिटरभराच्या बाटलीला अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड. पिको वा न पिको, घालायचेच. आमरसालाही घालावे, विशेषतः फार पिकलेल्याला. फणस आणि पपई मात्र चमच्याच्या भरवशावर करूच नयेत. तेथे यंत्रच हवे, कारण झाडागणिक आकडा बदलतो.

पूड थोड्या पाण्यात विरघळवून रसात तळापासून ढवळायची. मग वाटीभर रस थंड करून मोजायचा. यंत्र त्या दिवशी ४ आणि ७ च्या ठरीव द्रावणांत तपासून घेतलेले असावे, नाही तर ते खोट्या तराजूसारखे. ४.६ ही रेघ आहे म्हणून ४.५ वर समाधान मानायचे नाही. गट ४.२ च्या खाली आल्याशिवाय चूल पेटवीत नाही. यंत्र नसेल तर रंगाची कागदी पट्टी मिळते, पण तिचा अंदाज ढोबळ असतो. तिच्यावर विसंबायचे तर रंग ४ किंवा त्याखालचा दिसला पाहिजे. फोडी पाकात भरायच्या असल्या तर नुसता पाक मोजून उपयोग नाही. आंबट फोडीच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी फोडी आणि पाक एकत्र वाटून मोजावे. आणि साखर घालून चव झाकली म्हणून सामू बदलत नाही. जीभ फसते, कांडी फसत नाही. गोडी वाढली की जिभेला आंबट कमी लागते एवढेच.

भांडे स्टीलचे घ्यावे. आंबट रस ॲल्युमिनियमला आणि बिनकल्हईच्या पितळेला खातो. रस उकळता भरावा, काठ पुसावा, झाकण नवे असावे, आणि बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून उकळाव्यात. घाटावरच्या मंडळींनी थोडा वेळ जास्त द्यावा. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंचीवर पाणी १०० अंशांच्या चार-पाच अंश आधीच उकळते, म्हणजे उकळी दिसते तेवढी गरम नसते. सोडियम बेंझोएटसारखी टिकविण्याची औषधे बाजारात मिळतात, पण तीही आंबटातच काम करतात. आंबट नसेल तेथे ती नुसती नावाला. आणि वर बुरशीचा थर दिसला तर तो खरवडून खालचे खाऊ नये. बुरशी आंबट खाऊन टाकते, आणि पहारेकरीच खाल्ला गेला की निजलेला जंतू उठतो. भाज्या, उसळी, कॉर्न, मशरूम ह्यांच्या बाटल्या घरी भरूच नयेत. घरचा कुकर शिट्ट्या देतो म्हणून तो रिटॉर्ट होत नाही. तो लवकर तापतो, लवकर निवतो, आणि बाटलीच्या गाभ्यात काय झाले ते सांगत नाही.

फणसाचा रस गट अजून भरतो. आंबटामुळे त्याची चव बदलली हे खरे. मुंबईच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी काहींनी तो परत पाठविला, हा फणस नव्हे म्हणून. काहींना तो सरबतात घालायला आवडला आणि ते दरवर्षी मागवितात. ज्या काकी चाखायला निघाल्या होत्या त्याच आता कांडी धरून बसतात. त्यांना इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते, नातवाने दोन संध्याकाळी शिकविले. प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर भरल्याच्या तारखेखाली त्या पेनाने सामू लिहितात. गेल्या मे महिन्यातली आमच्या घरची बाटली आम्ही सोबत आणली आहे. तिच्यावर ४.१ लिहिले आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी टेबलाशी यावे.